ट्राम, टॉर्पेडो आणि पनवेलचे भूचुंबकत्व संस्थान

नवीन पनवेलमधून कळंबोलीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत भारतीय भूचुंबकत्व संस्थानाचे आवार आहे. पनवेलकरांपैकी पुष्कळांना ही पाटी रोजच दिसते, पण आत काय चालते हे ठाऊक असणारे थोडे. स्मरणिकेच्या निमित्ताने या संस्थेचा इतिहास सांगताना प्रश्न पडतो तो सुरुवात कुठून करायची, हा. कागदोपत्री स्वायत्त संस्था म्हणून तिचा जन्म १९७१चा. तिच्या अलिबागच्या वेधशाळेचा १९०४चा. आणि ज्या कुलाबा वेधशाळेच्या कुशीत हे सगळे वाढले, ती १८२६ची. मी १८२६पासूनच सुरुवात करतो, कारण या संस्थेची खरी मिळकत म्हणजे नोंदी, आणि त्या नोंदींची मुळे तिथे आहेत.

मुंबई बंदरात येणाऱ्या जहाजांना अचूक वेळ मिळावी आणि आकाशाचे वेध घेता यावेत म्हणून ईस्ट इंडिया कंपनीने कुलाब्याच्या टोकावर वेधशाळा बांधली. चुंबकीय नोंदी तिथे १८४१मध्ये सुरू झाल्या. त्या सुमारास गाउस आणि वेबर या जर्मन शास्त्रज्ञांनी जगभर ठिकठिकाणी एकाच वेळी भूचुंबकत्व मोजावे असा आग्रह धरला होता आणि ब्रिटिशांनी आपल्या वसाहतींमधून ती मोहीम उचलून धरली होती. मुंबईत हे काम एल्फिन्स्टन संस्थेतील प्राध्यापक ऑर्लेबार यांच्याकडे आले. त्यांच्याबरोबर आपली माणसे होती. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी काही काळ या वेधशाळेचा कारभार पाहिला. ऑर्लेबारांचे विद्यार्थी केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे पुढे टिळकांना गणित शिकवणारे केरूनाना, तरुण वयात याच वेधशाळेत कामाला होते. केरूनाना अलिबागजवळच्या नागावचे. वेधशाळा पुढे त्यांच्याच गावाच्या शेजारी जाणार आहे, हे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनी असायचे कारण नव्हते.

काम मोठे चिकाटीचे होते. रेशमाच्या धाग्याला टांगलेला लोहचुंबक, त्यावर बसवलेला छोटा आरसा, समोर दुर्बीण आणि मोजपट्टी. चुंबक केसभर वळला तरी आरशातली पट्टी सरकते आणि दुर्बिणीतून तो आकडा वाचता येतो. ठरलेल्या वेळी माणसाने उठून आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा, रात्री, पावसात, सणावारीही. आज उपकरण दर सेकंदाला नोंद करते म्हणून त्या माणसांचे मोल कमी होत नाही. त्यांच्यापैकी बहुतेकांची नावे कुठेही छापलेली नाहीत, पण त्यांच्या हातचे आकडे जगातल्या शास्त्रज्ञांनी दीडशे वर्षांनी वाचले.

ज्या प्रसंगाचे ते आकडे, तो १८५९च्या सप्टेंबरमधला. १ सप्टेंबरला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यावर एक प्रखर झळाळी दिसली. दुसऱ्या दिवशी पृथ्वीला आजवरच्या नोंदींतले सर्वात प्रचंड चुंबकीय वादळ भिडले. युरोप-अमेरिकेतल्या तारायंत्रांमधून ठिणग्या उडाल्या आणि तिथल्या बऱ्याच वेधशाळांमधली उपकरणे मोजपट्टीबाहेर गेली. कुलाब्याला मात्र डोळ्यांनी आकडे टिपणे चालूच राहिले. मुंबईत क्षितिजसमांतर चुंबकीय क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी कोसळले आणि ती घसरण नोंदली गेली. २००३मध्ये ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोन्झालेस, संस्थेचे तेव्हाचे संचालक गुरबक्षसिंग लखिना आणि संस्थेच्याच शोभना अलेक्स यांनी त्या जुन्या आकड्यांवरून या वादळाची तीव्रता एका निबंधात मांडली. उपग्रह आणि विजेची जाळी यांना सूर्यापासून किती धोका संभवतो याचा हिशेब जगात आज जिथे जिथे होतो, तिथे या निबंधाचे आणि पर्यायाने कुलाब्याच्या वहीचे नाव निघते.

चार्ल्स चेंबर्स यांच्या कारकिर्दीत, १८७२पासून, छायाचित्रणाच्या कागदावर अखंड नोंद होऊ लागली. १८९६मध्ये नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस संचालक झाले आणि १९२०पर्यंत राहिले. या संस्थेच्या इतिहासात एका माणसाचे ऋण सर्वात मोठे मानायचे तर मी मूस यांचे मानीन. त्यांच्यापुढे आलेले संकट वरवर अगदी साधे दिसणारे होते: मुंबईतल्या घोड्यांच्या ट्राम विजेवर धावणार होत्या.

विजेच्या ट्रामला लागणारा प्रवाह डोक्यावरच्या तारेतून येतो आणि रुळांतून परत जातो. तो प्रवाह एकाच दिशेने वाहणारा असतो आणि रूळ जमिनीपासून पुरते विलग नसतात. थोडा प्रवाह जमिनीत झिरपतो आणि वाट फुटेल तिकडे वाहतो. प्रवाह आला की त्याच्याभोवती चुंबकीय क्षेत्र आलेच. म्हणजे कुलाब्याच्या नाजूक चुंबकाला पृथ्वीबरोबर बोरीबंदरच्या ट्रामचीही चाहूल लागणार आणि कागदावरच्या रेषेत कोणाचा वाटा किती हे सांगता येणार नाही. युरोपातल्या काही वेधशाळा अशाच ट्रामपायी निकामी झाल्या होत्या. मूस यांनी वेळेवर हालचाल केली. खाडीपलीकडे, मुंबईपासून सुमारे ३० किलोमीटरवर, विजेचे नाव नसलेल्या अलिबागेत जागा निवडली. चुंबकत्व नसलेला पोरबंदरी दगड वापरून वेधगृह बांधले. लोखंडाचा खिळाही चालणार नव्हता.

त्यांनी याहून मोठी एक गोष्ट केली. १९०४मध्ये अलिबागची नोंद सुरू झाली तरी कुलाब्याची लगेच थांबवली नाही. १९०६पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेतले. त्यामुळे दोन ठिकाणांमधला फरक नेमका कळला आणि १८४०च्या दशकापासूनची मालिका सांधा न दिसता पुढे चालू राहिली. मुंबईत विजेची पहिली ट्राम ७ मे १९०७ला धावली, तेव्हा वेधशाळेचा बाडबिस्तरा सुरक्षित जागी पोहोचला होता. १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदींचे दोन खंड मूस यांनी १९१०मध्ये प्रसिद्ध केले. भूचुंबकत्वाचे अभ्यासक ते आजही उघडतात.

इथे एक लांबचे वळण घेतो. काही वाचक म्हणतील, वेधशाळेच्या इतिहासात पाणबुड्यांचे काय काम? माझ्या मते काम आहे. भूचुंबकत्वाचे आकडे तपशिलात ठाऊक नसतील तर काय होते, याचा सर्वात महागडा धडा दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांच्या विजेवर चालणाऱ्या टॉर्पेडोंनी दिला.

त्याआधीचे टॉर्पेडो दाबाखालची हवा, इंधन आणि वाफ यांच्या बळावर चालत. वेग उत्तम, पण मागे बुडबुड्यांची पांढरी रेघ उमटे. जहाजावरच्या टेहळ्याला ती दिसली की जहाज वळून निसटायचे आणि पाणबुडी कुठे आहे तेही उघडे पडायचे. विजेची मोटार आणि शिसे-आम्लाची बॅटरी बसवली तर धूर नाही, बुडबुडे नाहीत, रेघ नाही. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीला पाणबुड्या बाळगायला बंदी होती, म्हणून तिच्या तंत्रज्ञांनी स्वीडनमध्ये गुपचूप हा टॉर्पेडो तयार केला. त्याचे नाव जी-७-ई. सात मीटर लांब, पुढच्या टोकात सुमारे २८० किलो स्फोटक. बॅटरी आधी ३० अंशांपर्यंत गरम केली तर ३० नॉट वेगाने ५,००० मीटर जाई. गार बॅटरीवर हा पल्ला बराच आखूड होई. दर काही दिवसांनी नळीतून बाहेर ओढून तो तपासावा आणि भारित करावा लागे. पाणबुडीच्या चिंचोळ्या पोटात, आधीच झोपायला जागा नाही तिथे, खलाशांना हे काम करावे लागे. पण वाफेच्या टॉर्पेडोपेक्षा तो बनवायला मेहनत कमी लागे. १४ ऑक्टोबर १९३९च्या रात्री यू-४७ या जर्मन पाणबुडीने ब्रिटिशांच्या स्कॅपा फ्लो बंदरात शिरून ‘रॉयल ओक’ ही युद्धनौका बुडवली. समुद्रतळाशी सापडलेल्या तुकड्यांवरून ब्रिटिशांना कळले की शत्रूकडे विजेचा टॉर्पेडो आहे.

मोटार चांगली होती. घात केला तो स्फोट घडवणाऱ्या टोकाच्या खटक्याने. जहाजाच्या बाजूवर धडकून फुटण्यापेक्षा टॉर्पेडो तळाखालून जाताना फुटला तर जहाजाचा कणाच मोडतो. म्हणून जर्मनांनी चुंबकी खटका बसवला. त्याच्या आत सुई होती, वेधशाळेत नती, म्हणजे क्षेत्राचा क्षितिजाशी होणारा कोन, मोजायच्या यंत्रात असते तशा तत्त्वाची. त्या भागातल्या चुंबकीय क्षेत्राच्या उभ्या घटकाशी तिचा तोल आधी जुळवून ठेवायचा. वर जहाजाचे लोखंड आले की क्षेत्र बदलते, सुई हलते, विद्युतमंडल पूर्ण होते आणि स्फोट. कल्पना देखणी, पण तोल कोणत्या आकड्याशी जुळवायचा? तो आकडा तर पृथ्वीवर जागोजाग बदलतो. अलिबागला आडवे क्षेत्र सुमारे ३८,००० नॅनोटेस्ला आणि उभे त्याच्या निम्मे. नॉर्वेच्या उत्तर भागात उभे क्षेत्र ५०,०००च्या घरात आणि आडवे जेमतेम दहा-बारा हजार. तिरुनेलवेलीजवळून तर चुंबकीय विषुववृत्त जाते आणि तिथे उभे क्षेत्र शून्याला येते. जर्मनांनी समुद्राच्या नकाशावर पट्टे आखले आणि पट्ट्याप्रमाणे खटक्याची जुळणी ठरवली. पण उत्तरेच्या टोकाला ही व्यवस्था डळमळली.

९ एप्रिल १९४०ला जर्मनीने नॉर्वेवर चढाई केली. पाणबुड्यांनी ‘वॉरस्पाइट’सारख्या युद्धनौकांवर आणि उभ्या असलेल्या वाहतूक-जहाजांवर एकामागून एक टॉर्पेडो सोडले. काही वेळेआधी फुटले, काही फुटलेच नाहीत. ‘रॉयल ओक’ बुडवणाऱ्या यू-४७चीही तीच गत झाली. उत्तरेकडचे क्षेत्र आणि फिओर्डांमधले लोहयुक्त खडक यांच्याकडे बोट दाखवले गेले. चौकशीत आणखीही खोट निघाली. टॉर्पेडो ठरल्यापेक्षा खोल धावत होते, धडकून फुटणारा साधा खटकाही सदोष होता. पुरेशा चाचण्या न घेता हत्यार खलाशांच्या हाती दिल्याबद्दल अधिकाऱ्यांवर खटले चालले. या चढाईच्या दोन आठवडे आधी, २४ मार्च १९४०ला, पृथ्वीवर मोठे चुंबकीय वादळ येऊन गेले होते. टॉर्पेडो फसले त्याला ते कारण नव्हे. पण ज्या क्षेत्राला खटका बनवणाऱ्यांनी स्थिर गृहीत धरले, ते स्थलाप्रमाणे तसे काळाप्रमाणेही बदलते, हे अलिबागच्या वेधगृहातला कोणीही त्यांना सांगू शकला असता.

अमेरिकनांनी हीच चूक दुसऱ्या टोकाकडून केली. त्यांचा मार्क-६ हा चुंबकी खटका ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टच्या पाण्यात तयार झाला, जिथे पृथ्वीचे क्षेत्र बरेचसे उभे असते. लढायची वेळ आली ती विषुववृत्ताजवळच्या पॅसिफिकमध्ये, जिथे ते जवळजवळ आडवे. तिथे जहाजाच्या लोखंडाभोवतीचे क्षेत्र वेगळ्याच आकाराचे पसरते आणि टॉर्पेडो जहाजापर्यंत पोहोचण्याआधीच फुटू लागले. जून १९४३मध्ये ॲडमिरल निमित्झ यांनी आपल्या पाणबुड्यांवरचे चुंबकी खटके बंद करायला लावले. दीड वर्षाची लढाई तोवर झाली होती. त्याच काळात वेस्टिंगहाऊस कंपनीने हाती लागलेल्या जर्मन जी-७-ईवरून मार्क-१८ हा विजेचा टॉर्पेडो बनवला. २९ नॉटांचा हा टॉर्पेडो वाफेच्या टॉर्पेडोपेक्षा पुष्कळ मंद, आणि बॅटरीतून निघणाऱ्या हायड्रोजनने आग लागायची धास्ती. पण रेघ नाही या एका गुणावर युद्धाच्या अखेरच्या महिन्यांत अमेरिकन पाणबुड्यांनी सोडलेल्या टॉर्पेडोंपैकी निम्म्याहून जास्त मार्क-१८ होते. त्याची किंमतही त्यांनी मोजली. ऑक्टोबर १९४४मध्ये ‘टँग’ या पाणबुडीचा शेवटचा मार्क-१८ गोल फिरून परत आला आणि तिलाच लागला. ७८ जण गेले.

जहाजे वाचवणाऱ्यांनाही हेच आकडे हवे होते. पोलादी जहाज बांधले जाताना ते ज्या दिशेला तोंड करून उभे असते तसे पृथ्वीच्या क्षेत्रात चुंबकित होते. चुंबकी सुरुंग आणि खटके यांना चकवायचे तर जहाजाभोवती तारांची वेटोळी घालून उलट्या दिशेने प्रवाह सोडावा लागतो. हा प्रवाह एकदा ठरवून भागत नाही. उत्तर अटलांटिकमधून अरबी समुद्रात आलेल्या जहाजाला तो नव्याने जुळवावा लागतो. त्यासाठी लागणारे चुंबकीय नकाशे वेधशाळांच्या नोंदींवर उभे राहतात, कारण क्षेत्र वर्षागणिक सरकत असते आणि ते किती सरकले हे कायम एका जागी बसून मोजणाराच सांगू शकतो. महायुद्धाच्या सगळ्या वर्षांत अलिबागची मालिका खंडली नाही.

स्वातंत्र्यानंतर हे काम हवामान खात्याकडे होते. १९७१मध्ये त्यातून भारतीय भूचुंबकत्व संस्थान स्वायत्त झाले आणि बी. एन. भार्गव पहिले संचालक झाले. त्याच वर्षीच्या ९ डिसेंबरला दीवजवळ पाकिस्तानच्या ‘हँगोर’ पाणबुडीच्या टॉर्पेडोने आपली ‘आयएनएस खुकरी’ बुडवली. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. अरबी समुद्राच्या पोटात काय चालते याची आच या किनाऱ्यावरच्या घरांना तेव्हा पहिल्यांदा इतक्या जवळून लागली.

संस्थेचे काम पुढे फार पसरले, त्यातले थोडेच इथे सांगतो. नागपूर, राजकोट, जयपूर, शिलाँग, पुदुच्चेरी, पोर्ट ब्लेअर, विशाखापट्टणम अशा ठिकाणी वेधशाळा झाल्या. तिरुनेलवेलीला चुंबकीय विषुववृत्ताजवळ स्वतंत्र प्रयोगशाळा उभी राहिली. तिथे डोक्यावर शंभरेक किलोमीटर उंचीवर दिवसा वाहणारा विजेचा प्रचंड झोत अभ्यासता येतो. थुंबाचे अग्निबाण केंद्र त्या भागात निवडले गेले तेही याच विषुववृत्तामुळे. अलाहाबादची प्रयोगशाळा, अंटार्क्टिकावर ‘मैत्री’ आणि ‘भारती’मधली कामे, भूकंपप्रवण भागांतली जमिनीखालची सर्वेक्षणे, जगभरचे आकडे सांभाळणारे माहिती केंद्र, हे सगळे या एका छताखाली येते. प्रोटॉनच्या डोलण्यावरून क्षेत्र मोजणारी उपकरणे संस्थेने स्वतः घडवली, ही गोष्ट मला विशेष मोलाची वाटते. उपकरण विकत घेणाऱ्याला आकडा मिळतो. ते घडवणाऱ्याला त्या आकड्यावर कितपत विसंबावे हेही कळते.

एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुख्यालय कुलाब्याहून नवीन पनवेलला आले. कुलाब्याची अरुंद जागा सुटली, प्रयोगशाळांना ऐसपैस दालने मिळाली, संशोधक विद्यार्थी आवारातच राहू लागले. पनवेलच्या दृष्टीने ही मोठी घटना होती. कर्नाळ्याचे अभयारण्य, कोकणची रेल्वे, महामार्गांचा तिठा या ओळखींमध्ये देशातल्या सर्वात जुन्या विज्ञानपरंपरांपैकी एक येऊन बसली. वेध मात्र पनवेलला घेतले जात नाहीत. एवढ्या रेल्वे, महामार्ग आणि तारांच्या गर्दीत ते शक्यच नाही. इथे आकडे तपासले जातात, जुळवले जातात, त्यांचा अर्थ लावला जातो. मोजणारे चुंबक अलिबागलाच राहिले.

विजेचा टॉर्पेडोही आता आपल्या देशात घडतो. विशाखापट्टणमच्या नौदल विज्ञान व तंत्रज्ञान प्रयोगशाळेने घडवलेला ‘वरुणास्त्र’ हा वजनदार टॉर्पेडो तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी जून २०१६मध्ये नौदलाच्या स्वाधीन केला. त्यात विजेची मोटार आहे, चांदी-जस्ताची बॅटरी आहे आणि ४० नॉटांचा वेग आहे. आवाजाचा माग काढत तो लक्ष्यापर्यंत जातो. ३० डिसेंबर २०२४ला संरक्षण मंत्रालयाने दोन करार केले. एक माझगाव डॉकशी, डीआरडीओची हवेविना चालणारी ऊर्जाप्रणाली पाणबुडीत बसवण्याचा. तिचा जमिनीवरचा नमुना आपल्या शेजारच्या अंबरनाथच्या नौदल प्रयोगशाळेने तयार केला आहे. दुसरा करार फ्रान्सच्या नेव्हल ग्रुपशी, ‘कलवरी’ वर्गाच्या पाणबुड्यांवर डीआरडीओचा विजेचा टॉर्पेडो जोडण्याचा. या पाणबुड्या माझगावच्याच गोदीत बांधल्या गेल्या. अंबरनाथ, माझगाव आणि पनवेल ही ठिकाणे लोकलच्या नकाशावर एकमेकांच्या हाकेवर आहेत.

टॉर्पेडोंचे वळण इथे संपवतो. माझी काळजी आता अलिबागची आहे. मूस यांनी जागा निवडली तेव्हा तिथे वीज नव्हती. आज मांडव्यापर्यंत रो-रो बोट येते, बंगले आणि हॉटेले वाढत आहेत, चारचाकींची रांग वेधशाळेच्या जवळून जाते. प्रत्येक गाडी म्हणजे हलते लोखंड, प्रत्येक नवी विद्युतवाहिनी म्हणजे नवे क्षेत्र. अलिबागच्या नोंदी इंटरमॅग्नेट या जागतिक जाळ्यात जातात आणि त्या जाळ्याच्या अटी कडक आहेत. वेधशाळेभोवती किती अंतरापर्यंत काय बांधू द्यायचे, हे नगरपालिका, जिल्हा प्रशासन आणि संस्थान यांनी एकत्र बसून ठरवायला हवे आणि तो ठराव बांधकामाच्या परवानगीइतकाच बंधनकारक करायला हवा. कधीकाळी खरोखरच जागा बदलावी लागली, तर नवी जागा लोकांना कळण्याआधी, वीज पोहोचण्याआधी ताब्यात घ्यावी लागेल. तिथे आणि अलिबागेत निदान दोन वर्षे एकाच वेळी वेध चालवावे लागतील आणि त्यासाठी माणसे आणि पैसा यांची तरतूद आधीच करून ठेवावी लागेल.